राजाच्या गालावरचा घाव

१८९८ साली तेव्हाच्या पुदुकोट्टै संस्थानात रोमन सोन्याच्या नाण्यांचा एक साठा सापडला. नाणी ५०१ होती आणि ती ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या सम्राटांची, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. दक्षिण भारतात रोमन नाणी सापडणे ही तेव्हाही नवलाई राहिली नव्हती. नवल होते ते त्यांच्या अवस्थेचे. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांवर सम्राटाच्या मुखवट्यावर छिन्नीचा घाव होता. ब्रिटिश म्युझियममधले जॉर्ज हिल यांनी लगोलग या साठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत हा घाव अभ्यासकांना छळत आला आहे. जुन्या नाण्याची मोडतोड पाहिली की आपण एकच प्रश्न विचारतो: हे असे कशाने झाले? पण या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. इजा कशी झाली, हा पहिला. आणि ती का केली गेली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा एकटे नाणे देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर एकटे नाणे जवळजवळ कधीच देत नाही. त्यासाठी त्याच्यासोबत सापडलेला अख्खा ढीग लागतो. नाण्यांच्या बाजारात ज्या रंजक कथा ऐकू येतात (ही मोहर लढाईत तलवारीने कापली गेली, हे भोक बंदुकीच्या गोळीचे), त्यांतल्या बहुतेक या दोन प्रश्नांची सरमिसळ करून तयार झालेल्या असतात.

आधी पहिला प्रश्न घेऊ. नाण्यावर दिसणारा दोष टाकसाळीतला की टाकसाळीबाहेरचा, हे ठरवण्याची एक साधी कसोटी आहे: दोष उठावात आहे की खोलात? हाताने नाणी पाडायच्या पद्धतीत एक ठसा ऐरणीत बसवलेला असे, दुसरा कारागिराच्या हातात, आणि दोहोंच्या मध्ये धातूची चकती ठेवून वरून घण मारला जाई. हजारो घाव सोसून ठशालाच तडा गेला, तर त्या तड्यात चकतीचा धातू घुसतो आणि नाण्यावर बारीक उठावाची रेघ उमटते. मोदकाच्या साच्याला चीर पडली की प्रत्येक मोदकाच्या अंगावर त्याच जागी एक कणी उठून दिसते, तसेच हे. म्हणून नाण्यावरची वर आलेली रेघ ही त्या नाण्याची जखम नसते, ती ठशाची जखम असते. त्याच ठशाचे दुसरे नाणे मिळाले तर रेघ तिथेही त्याच जागी सापडते. उलट, आत गेलेली रेघ बहुधा त्या एकट्या नाण्याच्या वाट्याला आलेली असते. कडेला पडलेल्या चिराही पुष्कळदा जन्मजात असतात: घणाखाली चकती चहूकडे पसरते, धातू पुरेसा तापवून मऊ केलेला नसेल तर कड फाटते, आणि अशा चिरा कडेकडून मध्याकडे निमुळत्या होत जातात. मोगल रुपयांवर किंवा शिवराईवर अक्षरे अर्धवट दिसतात त्याचे कारणही तुटणे नव्हे. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ यातली एक ओळ किंवा काठाचे ठिपके चकतीबाहेरच राहून जातात. अशी शिवराई कोणी ‘तुटकी’ म्हणून कमी भावात मागत असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा फार हुशार आहे.

टाकसाळीतून बाहेर पडल्यानंतरच्या इजेकडे पाहताना दुसरी गोष्ट तपासायची: धातू सरकला आहे की नाहीसा झाला आहे? कानशीने घासले, कड कातरली किंवा वर्षानुवर्षे हातोहात फिरून नाणे गुळगुळीत झाले, तर धातू जातो आणि वजन घटते. छिन्नीच्या घावात धातू जात नाही, फक्त बाजूला सरकतो. घावाच्या दोन्ही काठांना धातूची वरंबी उठते, आणि नाणे कठीण पृष्ठभागावर ठेवून घाव घातला असेल तर मागच्या बाजूला त्याच जागी नक्षी दबलेली दिसते. सोने मऊ असल्यामुळे त्याच्यावर हे विशेष स्वच्छ उमटते. बोटाच्या नखाने चाचपले तरी वरंबी जाणवते. भिंग धरले तर तिची धार ताजी आहे की बोथट, हेही कळते. धार बोथट झालेली असेल तर घाव बसल्यावरही नाणे बराच काळ फिरत होते. धार तशीच तीक्ष्ण असेल तर घाव बसला आणि लवकरच नाणे कुठेतरी बंद झाले. नांगराचा फाळ किंवा कुदळ लागून झालेली जखम ओळखणे तांब्या-चांदीच्या बाबतीत आणखी सोपे. जुन्या घावात आणि आजूबाजूच्या पृष्ठभागावर सारखाच कळंक चढलेला असतो, तर खणताना झालेल्या घावात आतला धातू उघडा, चकचकीत दिसतो. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, हेही ध्यानात ठेवावे लागते. ताज्या चांदीचे नाणे वाकते. पुरातन चांदीचे नाणे वाकवायला गेले तर बिस्किटासारखे मोडते, आणि मोडलेली कड दाणेदार दिसते. तेव्हा असे दोन तुकडे हाती आले तर ‘जुन्या काळी नाणे तोडून अर्धे वापरत’ असे लिहून मोकळे होण्याआधी, हे तुकडे मातीतून काढताना तर झाले नाहीत ना, हे पाहायला हवे.

पुदुकोट्टैच्या नाण्यांबाबत हा पहिला प्रश्न सुटायला वेळ लागत नाही. छिन्नी आणि हातोडा, मुद्दाम, मुखवट्याच्या बाजूने. अपघाताची शक्यता शून्य. शेकडो नाण्यांवर तोच अपघात तिथेच होत नाही. खरा पेच पुढचा: का? सगळ्यांत आधी सुचते ते उत्तर म्हणजे पारख. सोन्याचा मुलामा दिलेली खोटी नाणी सर्व काळांत होती, आणि पोटात काय आहे हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे पोट उघडणे. असे काप जगभर सापडतात. अथेन्समध्ये इसवी सनपूर्व ३७५–३७४ साली केलेल्या एका कायद्यात सरकारी पारख्याने खोटे नाणे सापडताच ते तिथल्या तिथे कापावे, असा स्पष्ट आदेश आहे, आणि अथेन्सची घुबडछाप चांदीची नाणी पूर्वेकडच्या देशांत खोल कापांसह मिळतात. मग पुदुकोट्टैलाही तेच झाले असेल, असे का म्हणू नये?

म्हणता येत नाही, कारण पारख करणाऱ्याचा हात वेगळा चालतो. त्याला चेहऱ्याशी कर्तव्य नसते. त्याला आतला धातू पाहायचा असतो, आणि त्यासाठी कड सगळ्यांत सोयीची. शिवाय सोन्याची पारख करायला भारतात कापाकापीची गरज नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोने कसोटीवर घासून कस ठरवण्याची पद्धत तपशिलाने दिली आहे, कसोटीचे दगड कोणते चांगले हेही सांगितले आहे. ज्या देशात कसोटीचा दगड आणि तराजू सराफाच्या पुढ्यात असतो, तिथे प्रत्येक नाण्याच्या तोंडावर छिन्नी चालवणे म्हणजे विनाकारण मेहनत. पण सगळ्यांत भक्कम पुरावा ढिगातून मिळतो: पारख पुन्हा पुन्हा होते. एका पारख्यावर दुसऱ्याचा भरवसा नसतो, म्हणून ज्या नाण्यांची खरोखर पारख झाली त्यांच्यावर खुणांची गर्दी होते. मोगल आणि नंतर कंपनीच्या रुपयांवर सराफांनी मारलेले बारीक ठसे, ठिपका, चंद्रकोर, फूल, एकाशेजारी एक साचत जातात; काही रुपये तर इतके ठोकलेले असतात की मूळ अक्षरांपेक्षा सराफच जास्त वाचता येतात. पुदुकोट्टैच्या नाण्यांवर अशी गर्दी नाही. तिथे एक निर्णय आहे आणि तो एकाच घावात उरकला आहे.

खुणा साचतात आणि त्यांच्यासोबत वजनही उतरते, हे सिद्ध करण्याचे श्रेय दामोदर धर्मानंद कोसंबी यांना जाते. गोव्यात जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा काळ पुण्यात घालवलेल्या या गणितज्ञाने तक्षशिलेच्या आहत नाण्यांचा अभ्यास तराजू हाती घेऊन केला. या चांदीच्या नाण्यांच्या पुढच्या बाजूला अधिकृत चिन्हे ठोकलेली असतात, तर मागच्या बाजूला लहान लहान चिन्हे, कुठे एक, कुठे अनेक. कोसंबींना दिसले ते असे, की मागची चिन्हे जितकी अधिक तितके सरासरी वजन कमी. म्हणजे ती चिन्हे फिरत्या नाण्याची ठरावीक काळाने झालेली तपासणी सांगतात. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्या काळातली चलनातली हजारो नाणी तोलून पाहिली आणि झीज कशी नियमाने चालते हे पडताळले: टाकसाळीतून निघताना नाण्यांची वजने जवळजवळ सारखी असतात, वापरात सरासरी खाली येत जाते आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. आपल्या विषयापुरते यातले महत्त्वाचे इतकेच, की हे एका नाण्यावरून कधीच दिसले नसते. एका नाण्याचे वजन कमी भरले तर त्याची दहा कारणे असू शकतात. शेकडो नाण्यांच्या सरासरीला इतकी मोकळीक नसते.

पुदुकोट्टैच्या घावाचे दुसरे उत्तर धर्माच्या अंगाने दिले गेले आहे: परक्या राजाचा मुखवटा कोणाला तरी अमंगळ वाटला असेल. मला हे उत्तर सगळ्यांत दुबळे वाटते. रोमन नाण्याच्या मागच्या बाजूला बहुधा परक्या देवदेवतांच्या आकृती असतात, आणि मूर्तीबद्दल तिटकारा असलेला माणूस राजाचा गाल फोडून देवाला हात लावल्यावाचून सोडणार नाही. त्याच काळात दख्खनमध्ये लोक रोमन मुखवटा हौसेने मिरवत होते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे भाजक्या मातीची जी पदके मिळाली आहेत, त्यांत रोमन सम्राटाच्या नाण्याची हुबेहूब नक्कल आहे. सोने परवडत नाही तर मातीचे का होईना, पण चेहरा तोच हवा. पुढे सातवाहनांनी चांदीच्या नाण्यांवर स्वतःचेच मुखवटे घडवले. आणि ज्याला चेहरा नको, त्याला सोने वितळवायला कोणी अडवले होते? नाणे नाणे म्हणून ठेवून फक्त तोंडावर घाव घालणारा माणूस चेहऱ्याचा द्वेष करीत नाही. चेहऱ्याने दिलेली हमी तो रद्द करतो.

इथे आपण तिसऱ्या उत्तरापाशी येतो, आणि ते मला पटते: घाव हा नाण्याला चलनातून बाद केल्याचा शेरा आहे. यापुढे हे सोने तोलून घ्यायचे, मोजून नाही. यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भारतात रोमन नाणी मुळातच सोने-चांदी म्हणून तोलून घेतली जात असतील, तर जे कधी चलन नव्हतेच ते रद्द कशाला करायचे? या आक्षेपाचा पाया मात्र वाटतो तितका पक्का नाही. भरूचच्या बंदरात रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफ्याने विकली जात, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत म्हटले आहे. नुसत्या धातूच्या वजनावर व्यवहार असता तर नाण्याला नाणे म्हणून वेगळा फायदा उरला नसता. रोमन लेखक प्लिनी सांगतो की सिंहलद्वीपाच्या राजाला रोमनांच्या सचोटीबद्दल आदर वाटला, कारण वेगवेगळ्या सम्राटांची असूनही सर्व दिनार समान वजनाचे होते. वजन तंतोतंत सारखे म्हणून प्रत्येक वेळी तराजू काढायची गरज नाही, हाच त्या कौतुकाचा अर्थ. म्हणजे निदान काही काळ आणि काही ठिकाणी ही नाणी मोजून घेतली जात होती. मग इसवी सन ६४ च्या सुमारास नीरो सम्राटाने सोन्याच्या नाण्याचे वजन उतरवले: पूर्वी एका रोमन पौंडातून ४० नाणी पाडत, आता ४५ पाडू लागले. जुनी भारी आणि नवी हलकी नाणी एकाच थैलीत येऊ लागल्यावर मोजून घेणे धोक्याचे ठरते. व्हेस्पेशियन हा नीरोनंतर अवघ्या वर्षभरातल्या धामधुमीतून गादीवर आलेला सम्राट. पुदुकोट्टैचा साठा त्याच्यापर्यंत पोचतो, म्हणजे नेमका या बदलानंतरचा आहे. घाव नीरोमुळेच घातले गेले, असा दावा मी करणार नाही. पण मोजण्याचा भरवसा उडाला आणि तोलण्याची वेळ आली, असा काळ या साठ्याच्या मागे उभा आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

बाद करण्याची ही कल्पना आपण सोयीसाठी रचतो आहोत का, हे तपासायचे तर जिथे उत्तर बाहेरून ठाऊक आहे असे उदाहरण हवे. ते नाशिकजवळ आहे. १९०६ साली गोदावरीकाठच्या जोगळटेंभी गावात चांदीच्या लहान नाण्यांचा साठा निघाला. नाणी सुमारे १३,२५०, सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. अशा एका नाण्याला तिरपा उजेड देऊन पाहावे. तीन कमानींचा चैत्य आणि गौतमीपुत्राच्या नावाची ब्राह्मी अक्षरे अखंड, स्वच्छ. आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून नहपानाचे चपटे झालेले नाक, ओठांची कड, अर्धवट ग्रीक अक्षरे डोकावतात. वरचा ठसा कुठेच तुटत नाही, खालचा सगळीकडे तुटतो. यावरून कोण आधी आणि कोण नंतर याबद्दल शंका उरत नाही, आणि उलट क्रमाचे, म्हणजे सातकर्णीवर नहपान, असे नाणे या साठ्यात नाही. नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात गौतमीपुत्राची आई बलश्री त्याने क्षहरात वंशाचा समूळ नाश केल्याचे सांगते. दगड आणि चांदी दोन्ही एकच साक्ष देतात. इथे राजाने पराभूताची नाणी बाद केली, पण ती वितळवली नाहीत. धातू तसाच ठेवून वरची हमी बदलली. पुदुकोट्टैला हमी काढून घेतली आणि दुसरी दिली नाही, एवढाच फरक. जोगळटेंभीच्या ढिगात आणखी एक गोष्ट आहे जी सहसा नजरेआड होते: उरलेली एक-तृतीयांशाच्या आतली नाणी तशीच, नव्या ठशाविना आहेत, आणि ती एकाच साठ्यात सुखाने नांदली आहेत. म्हणजे बाद करण्याची मोहीम सुरू झाली म्हणून जुने नाणे एका दिवसात निरुपयोगी होत नाही. पुदुकोट्टैच्या थोड्या अक्षत नाण्यांचे कोडेही यामुळे सौम्य होते. सगळी नाणी कापलेली नाहीत म्हणून घाव बाद करण्याचे नव्हेत, असा निष्कर्ष निघत नाही.

एक आक्षेप मात्र माझ्या सगळ्याच मांडणीच्या मुळावर येतो. ढीग म्हणजे चलनाचा निःपक्ष नमुना नव्हे. कोणीतरी निवडून, साठवून, पुरलेली ती वस्तू असते. पुदुकोट्टैच्या माणसाने मुद्दाम कापलेलीच नाणी जमवली असतील, तर ‘नव्वद टक्के’ या आकड्याचा अर्थ काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे या साठ्यावरून सगळ्या दक्षिण भारतात नव्वद टक्के रोमन नाणी कापली गेली, असे म्हणणे चूक ठरेल. पण आपला प्रश्न किती नाणी कापली हा नव्हताच. कोणी कापलेली नाणी वेगळी निवडू शकत होता, याचा अर्थ कापलेले आणि न कापलेले असे दोन वर्ग त्या काळच्या माणसांच्या डोक्यात स्पष्ट होते, घावाला ठरलेला अर्थ होता आणि तो इतरांना कळत होता. हा आक्षेप शेवटी बाद-शेऱ्याच्याच बाजूने साक्ष देतो. नुसती पारख केलेल्या नाण्यांचा असा स्वतंत्र साठा करण्याचे कारण शोधणे कठीण. पारखून खरी ठरलेली नाणी पुन्हा व्यवहारात जातात, कोपऱ्यात ढीग होऊन पडत नाहीत.

म्हणूनच एखादे नाणे ढिगापासून तुटले की त्याच्या इजेचा निम्मा अर्थ जातो, मग नाणे कितीही देखणे असो. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. व्यवहारात हंडा फुटतो, नाणी घराघरांत वाटली जातात, सोन्याची मुशीत जातात आणि तांब्या-चांदीची चिंच-मिठाने घासून लख्ख होतात. या घासण्याने नाण्याला आणखी एक इजा होते, आणि ती सर्वांत वाईट, कारण ती आधीच्या सगळ्या इजांचा क्रम पुसते: जुन्या घावातला आणि नव्या ओरखड्यातला कळंक एकाच वेळी निघून गेला की दोन्ही सारखेच ताजे दिसू लागतात. कडीचा डाक निघालेल्या जागी उरलेला वेगळ्या रंगाचा डाग, भोकाच्या काठावर दोऱ्याने पडलेली झिजेची खाच, ही दागिन्यात वापर झाल्याची चिन्हे तर घासण्याच्या पहिल्या फेरीतच जातात. संग्रहालयात काम करणारे म्हणून आधी नाणे तोलतात, मग दोन्ही बाजूंनी तिरप्या उजेडात छायाचित्र घेतात, आणि स्वच्छतेचा विचार सर्वांत शेवटी करतात. एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवायचीच असतील तर आधी अख्ख्या गठ्ठ्याचे छायाचित्र काढावे; कोणते नाणे कोणाला लागून होते हे त्यात राहते, आणि कोणत्या नाण्याची नक्षी शेजाऱ्याच्या कळंकाने खाल्ली व कोणत्याची पुरण्याआधीच झिजलेली होती, हे नंतर वेगळे करता येते.